कुळव उचला, पण जखडून ठेवू नका: बागेच्या ट्रॅक्टरला विजेची लिफ्ट

सासवडच्या अलीकडे आमची दोन एकर बाग आहे. अंजीर, थोडी सीताफळं आणि मधल्या पट्ट्यांत वर्षभर न थकता उगवणारं तण. मोठा ट्रॅक्टर आत घातला की फांद्या मोडतात, आणि पॉवर टिलरमागे चालायची घरात कुणाची तयारी उरली नाही. म्हणून पुण्यातल्या एका कंपनीच्या आवारात गवत कापून निवृत्त झालेला बागेचा छोटा ट्रॅक्टर आम्ही घेतला. पेट्रोल इंजिन, बसायला सीट, मागे अवजार अडकवायला जोड. आणि अवजार उचलायला सीटच्या उजव्या बाजूला एक लांब दांडा.

दांडा पहिले दोन दिवस गमतीचा वाटतो. पाच फणांचा छोटा कल्टिव्हेटर मागे लावून एक पाळी घालायची, म्हणजे सगळी बाग एकदा कुळवून काढायची, तर बांधाला पन्नास-साठ वेळा वळण, आणि प्रत्येक वळणाला दांडा ओढून खटक्यात अडकवायचा, मग सोडायचा. बाबांनी एक पाळी घातली आणि पुढचे चार दिवस त्यांना उजव्या हाताने शर्टाची वरची गुंडी लावता येईना. तेव्हा ठरवलं की हे बटणावर आणायचं.

काम मोठं नाही. मोजमाप आधी नीट केलं तर दोन रविवारांत होतं. मी मोजमाप नंतर केलं, त्यामुळे मला चार महिने लागले.

सुरुवातीला हे बघा की ही लिफ्ट तुम्हाला लागणार आहे का. बाजारात जे मिनी ट्रॅक्टर मिळतात त्यांना हायड्रॉलिक लिफ्ट बहुतेक कारखान्यातूनच येते, त्यांना यातलं काही करायला नको. हे ज्यांच्या गाडीला फक्त दांडा आहे त्यांच्यासाठी. त्यातही गवत कापायची प्रत्येक गाडी फण ओढण्याच्या लायकीची नसते. हलक्या गाड्यांचा मागचा गिअरबॉक्स गवतावर फिरण्यापुरताच असतो. त्याला जमिनीत रुतलेलं अवजार ओढायला लावलं तर लिफ्ट शाबूत राहील आणि गिअरबॉक्स जाईल. तुमच्या गाडीच्या माहितीपुस्तकात जमिनीत चालणारी अवजारं लावायला परवानगी आहे का, एवढं वाचून घ्या.

कशाने उचलायचं

तीन रस्ते आहेत. पहिला, १२ व्होल्टवर चालणारा छोटा हायड्रॉलिक पंप आणि सिलिंडर. ताकद भरपूर, पण मोटर शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढते, आणि आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी जेमतेम २८-३० अँपिअर-तासांची. शिवाय तेलाची टाकी, नळ्या, गळती. दुसरा, जीपला लावतात तसली छोटी विंच. तारेने उचलते, स्वस्त पडते, पण वर कुठे थांबायचं हे तिला कळत नाही. बटणावरचा अंगठा एक क्षण जास्त राहिला की तार तरी तुटते किंवा पट्टी तरी वाकते.

तिसरा रस्ता लिनिअर अ‍ॅक्च्युएटर. दवाखान्यातला पलंग डोक्याकडून वर होतो तो याच्यावर. मोटर, गिअर, आत लांब स्क्रू, स्क्रूवर नट, आणि नटाला जोडलेला रॉड आत-बाहेर होतो. दोन्ही टोकांना आतच लिमिट स्विच असतात, टोक आलं की मोटर आपोआप बंद. साधा स्क्रू असेल तर वीज बंद केल्यावरही भार जागेवर राहतो, कारण वजनाने स्क्रू उलटा फिरत नाही. बॉल-स्क्रूवाला (ज्यात नट छोट्या गोळ्यांवर फिरतो) घेतलात तर ब्रेक आहे का विचारा, नाहीतर अवजार सावकाश खाली बसतं. नवख्याने डोळे मिटून साधा स्क्रूवाला अ‍ॅक्च्युएटर घ्यावा.

आधी काटा, मग बाजार

दुकानात जाऊन ‘एक मजबूत अ‍ॅक्च्युएटर द्या’ म्हणालात तर दुकानदाराकडे जो पडून आहे तो मिळेल. आकडे घेऊन जा. तीनच लागतात: किती ओढायचं, किती अंतर, किती वेळात.

अवजार ट्रॅक्टरला लावा. ते ज्या पिनीवर वर-खाली होतं ती पिन हा आपला टेकू. आता अवजाराचा तोल नेमका कुठे येतो ते शोधा: सुटं करून एका पाइपवर आडवं ठेवलं की कळतं. माझ्या कल्टिव्हेटरचं वजन चौकटीसकट ४२ किलो, आणि तोल पिनीपासून ६० सेंटिमीटरवर. लिफ्टची साखळी मी पिनीपासून ३० सेंटिमीटरवर अडकवायची ठरवली. मग सरळ वर ओढलं तर लागणारा जोर ४२ गुणिले ६० भागिले ३०, म्हणजे ८४ किलो.

पण साखळी क्वचितच सरळ उभी राहते. हापशाचा दांडा आठवा. दांड्याला काटकोनात दाबलं की पाणी येतं. त्याच दांड्याच्या लांबीच्या दिशेने ढकललं तर घाम येईल, पाणी येणार नाही. साखळी आणि अवजाराचा दांडा यांच्यात ९० ऐवजी ६० अंशांचा कोन असेल तर ८४ चे ९७ किलो होतात. ४५ अंशांत ११९. ३० अंशांत दुप्पट, १६८. लोक महागडा अ‍ॅक्च्युएटर घेतात आणि तो कण्हायला लागला की कंपनीला शिव्या घालतात, खरा दोष या कोनाचा असतो.

माझा कोन ६० अंशांचा, म्हणून ९७ किलो, म्हणजे साधारण ९५० न्यूटन (किलोला ९.८१ ने गुणा). त्याच्या दुप्पट घ्यावं. फणांना ओली माती चिकटते, मुळं अडकतात, गंज चढतो. म्हणून २००० न्यूटन. त्याहून फार मोठा घेण्यात शहाणपण नाही, कारण तेवढ्याच मोटरकडून जास्त जोर हवा असेल तर वेग कमी होतो. ६००० न्यूटनवाले पुष्कळ अ‍ॅक्च्युएटर सेकंदाला पाच मिलिमीटरच्या आसपास सरकतात. बांधाला उभं राहून तीस सेकंद वाट बघायची आणि मग वळायचं. त्यापेक्षा दांडा बरा, असं बाबाच म्हणाले असते.

अंतराचा हिशोब. रॉडची चाल, ज्याला स्ट्रोक म्हणतात, ती १५० मिलिमीटर घेतली तर माझ्या मापांत अवजाराचा तोलाचा बिंदू तिच्या दुप्पट, म्हणजे ३० सेंटिमीटर उचलला जातो. त्यातले ६ साखळीच्या तीन सेंटिमीटर सैलपणात जातात (ही सैल कशाला, ते पुढे). फण जमिनीत ८ सेंटिमीटर असतात, त्याहून खोल आमच्याकडे नेत नाही, अंजिराची बारीक मुळं वरच्याच थरात असतात. उरले १६. दगडगोट्यांवरून जायला तेवढं बस झालं.

सेकंदाला १० मिलिमीटर वेग म्हणजे पूर्ण चाल १५ सेकंदांत. ऐकायला फार वाटतं. पण फण मातीबाहेर यायला त्यातले सातच सेकंद लागतात. ताशी दोन किलोमीटरने चालत असाल तर बांध चार मीटरवर आला की बटण दाबायचं.

पुठ्ठ्याचा ट्रॅक्टर

आता खरेदीला निघू नका. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या आणि टेकूची पिन, अवजाराचा दांडा, अ‍ॅक्च्युएटर टांगायचा खांब हे सगळं खऱ्या मापात कापा. सांध्यांच्या जागी खिळे. अ‍ॅक्च्युएटरसाठी एकमेकींवर सरकणाऱ्या दोन पट्ट्या. १५० च्या स्ट्रोकचा अ‍ॅक्च्युएटर मिटलेला असताना पिनीपासून पिनीपर्यंत साधारण २५-२६ सेंटिमीटर भरतो, उघडल्यावर ४०-४१. मॉडेलप्रमाणे हा आकडा बदलतो, तो मागवून घ्या.

हे सगळं भिंतीला लावा आणि हाताने वर-खाली करा. कुठे कोन फार तिरका होतो, कुठे साखळी सीटच्या मागच्या पत्र्याला घासते, वर आल्यावर अवजार टायरला लागतं का, ते समोर दिसतं. आमच्या जेवणघराच्या भिंतीवर हा पुठ्ठ्याचा ट्रॅक्टर दीड आठवडा होता. खांब सहा सेंटिमीटर मागे सरकवायचा हे मला तिथेच कळलं. लोखंडात कळलं असतं तर ग्राइंडर, पुन्हा वेल्डिंग आणि घरी एक भांडण एवढा खर्च होता.

पुण्यात काय कुठे

नटबोल्ट, साखळी, शॅकल (साखळी अडकवायची पिनीची कडी), यू-बोल्ट यांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी. साखळी ६ मिलिमीटरची, बोल्ट ८.८ ग्रेडचे मागा, तसा आकडा डोक्यावर कोरलेला असतो. वायर, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी), स्लीव्ह, स्विच तपकीर गल्लीत. गाडीचे रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच) आणि फ्यूज-होल्डर नाना पेठेत. वेल्डिंगला मी धायरीला जातो, नऱ्हे-धायरी पट्ट्यात छोटी वर्कशॉप्स पुष्कळ आहेत.

जुन्या बाजारात, रविवारी आणि बुधवारी, कधीकधी वापरलेले अ‍ॅक्च्युएटर दिसतात. मोह होतो. आधी वरची पट्टी वाचा. केबलवाल्यांच्या मोठ्या डिश फिरवायचे जे असतात ते ३६ व्होल्टचे. १२ व्होल्टवर ते चालतात, पण गोगलगाईसारखे, आणि जोरही मिळत नाही. गेट उघडायचे बरेचदा २४ व्होल्टचे असतात. आपल्याला १२ हवा.

नवा घेताना तीन गोष्टी तपासा. एक, आयपी आकडा: शेतात किमान आयपी ६५ हवा, म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याच्या फवाऱ्याने बिघडत नाही. दोन, ड्यूटी सायकल. २५ टक्के लिहिलं असेल तर दहा मिनिटांत अडीच मिनिटंच चालवायचा. बांधाला उचलणं-सोडणं मिळून अर्धं मिनिट, मग दोन मिनिटं नांगरट, म्हणजे आपण काठावर बसतो. १० टक्केवाला घेऊ नका. तीन, आणि हे मला दुकानात कुणी सांगितलं नाही: रॉड हाताने पिळून पाहा. काहींचा रॉड मोकळा असताना स्वतःभोवती फिरतो. तो पिनीत पक्का अडकवला तर अडचण नाही, पण नुसत्या साखळीला लटकवला तर स्क्रू फिरताना रॉडही फिरतो, साखळीला पीळ बसतो आणि चाल चुकते. रॉड फिरणारा असेल तर खांबाला बिजागरीसारखी एक छोटी आडवी पट्टी लावा, रॉड त्या पट्टीला पिनीने जोडा आणि साखळी पट्टीला टांगा. मी शेवटी असंच केलं आहे.

खांब आणि पट्ट्या

४० बाय ४० चा, ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप, मागच्या जोडपट्टीवर उभा, आणि त्याला पुढच्या बाजूने चासीपर्यंत एक तिरपा आधार. हा आधार वगळू नका. शंभर किलोच्या ओढीला सरळ खांब तिसऱ्या दिवशी नमस्कार करतो. चासीला भोकं पाडण्याऐवजी यू-बोल्टने आवळा. उद्या लिफ्ट काढून टाकावीशी वाटली तर गाडी होती तशी राहते.

अ‍ॅक्च्युएटर मोटर वर, रॉड खाली असा टांगा. उलटा लावला तर रॉडच्या सीलपाशी पाणी साचतं आणि पहिल्याच पावसाळ्यात आत उतरतं. वरच्या पिनीत थोडी ढिलाई ठेवा, पुढे-मागे झुलता आला पाहिजे. रॉडला ओढ चालते, आडवा दाब चालत नाही.

वेल्डिंगला जाताना अ‍ॅक्च्युएटर घरी ठेवा. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, आधी निगेटिव्ह. पेट्रोलची टाकी जवळ असेल तर ती उतरवा. वेल्डिंग मशीनचा अर्थिंगचा क्लँप जिथे टाका मारायचा त्याच्या शेजारीच लावायला सांगा, नाहीतर करंट बेअरिंगमधून रस्ता शोधतो. आधी चार टाके, मग सगळं हाताने वर-खाली करून बघा, आणि नंतरच पूर्ण वेल्डिंग. वेल्डिंगवाले काका म्हणतील, “साहेब, एकदम भरून टाकतो, कशाला दोनदा?” त्यांना चहा पाजा आणि टाकेच मारायला लावा.

साखळीच का

मी पहिल्यांदा साखळी लावली नव्हती. अ‍ॅक्च्युएटरचा रॉड आणि अवजाराचा दांडा यांच्यामध्ये ६ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी, दोन्हीकडे बोल्ट. दिसायला कारखान्यातलं वाटावं असं देखणं काम. अंगणात वीस वेळा वर-खाली करून घेतलं, शेजाऱ्यांना दाखवलं.

बागेत तिसऱ्या तासाला मागची चाकं पाण्याच्या जुन्या चारीत उतरली. अवजार मागे उंचवट्यावर टेकलेलं होतं, त्याला खाली जायला जागा नव्हती. चाकं खाली, अवजार वर, आणि मधे तो चकचकीत रॉड. ट्रॅक्टरच्या मागच्या भागाचं सगळं वजन एका क्षणात त्याच्यावर आलं. आवाज फार मोठा झाला नाही, वाळलेली फांदी मोडावी तसा. उतरून पाहिलं तर रॉड पंधरा-वीस अंशांत वाकला होता आणि आत जात नव्हता, बाहेरही येत नव्हता. अवजार अर्धवट वर अडकलेलं. पट्टीचा बोल्ट कापून काढायला गावातून करवत आणावी लागली.

ट्रॅक्टर आणि अवजार यांची जमीन एक नसते. पुढची चाकं एका उंचीवर, मागची दुसऱ्या, फण तिसऱ्या. दोघांना घट्ट जखडलं की हा फरक कुणीतरी सोसावा लागतो, आणि सगळ्यात नाजूक जो असतो तो सोसतो. जुना हाताचा दांडाही म्हणूनच खटक्यातून सोडल्यावर सैल होतो, ते मी रोज पाहत होतो आणि मला दिसत नव्हतं.

साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. आपल्याला नेमकं तेवढंच हवं. रॉड पूर्ण खाली आणि फण कामाच्या खोलीवर असताना साखळीत तीन सेंटिमीटर सैल राहील अशी लांबी ठेवा. दगड लागून अवजार उडालं तर साखळी ढिली पडते, रॉडला कळतही नाही. चाकं खड्ड्यात गेली तरी तेच.

इथे एक मोह होतो: साखळी ताठ ठेवून खोलीही बटणाने ठरवायची. करू नका. मग प्रत्येक धक्का स्क्रूवर येतो. खोली अवजाराच्या चाकाने, किंवा जुन्या दांड्याच्या खटक्याने ठरवा. जुना दांडा म्हणूनच काढून टाकू नका, आणि बॅटरी उतरली तर घरी यायला तोच उपयोगी पडतो.

गवत कापायची डेक, म्हणजे गाडीखालचा पात्यांचा डबा, उचलणार असाल तरी नियम हाच. डेक तिच्या स्वतःच्या चाकांवर तरंगली पाहिजे.

वायरिंग

अ‍ॅक्च्युएटरला दोनच वायरी असतात. एकीकडून प्लस दिला की रॉड बाहेर, उलटा दिला की आत. म्हणजे आपल्याला प्लस-मायनसची अदलाबदल करणारा स्विच हवा. सहा टोकांचा, मध्ये बंद, दोन्ही बाजूंना दाबून धरल्यावरच चालू आणि सोडला की मध्ये परतणारा. तपकीर गल्लीत ‘डीपीडीटी, स्प्रिंग रिटर्न, सेंटर ऑफ’ म्हणा. मधल्या दोन टोकांना अ‍ॅक्च्युएटर. वरच्या दोन टोकांना प्लस आणि मायनस. खालच्या दोन टोकांना तेच, पण उलटसुलट, म्हणजे वरून खाली वायरींची फुली येते. एवढंच.

स्विचवर डीसीचे अँपिअर लिहिलेले आहेत का बघा. घरातल्या २३० व्होल्टच्या स्विचवर १६ अँपिअर लिहिलेलं असतं ते एसीचं. एसीत प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझते. डीसीत विझत नाही, संपर्क हळूहळू जळतात, आणि एक दिवस चिकटून बसतात.

जास्त टिकाऊ हवं असेल तर गाडीचे पाच पिनांचे दोन रिले. दोन्हींची ८७ नंबरची पिन फ्यूजमधून आलेल्या प्लसला, ८७ए मायनसला, आणि ३० नंबरच्या पिना अ‍ॅक्च्युएटरच्या एकेका वायरीला. ८५-८६ वर छोट्या बटणांनी वीज द्यायची. दोन्ही बटणं चुकून एकदम दाबली गेली तरी दोन्ही वायरींवर प्लसच येतो आणि मोटर नुसती थांबते, काही जळत नाही. बटणं सोडली की दोन्ही वायरी मायनसला जातात, त्याने मोटरला ब्रेकही लागतो.

माझा अ‍ॅक्च्युएटर भाराखाली चार-पाच अँपिअर घेतो. फ्यूज १० अँपिअरचा, बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज वायरीचं रक्षण करतो, म्हणून तो वायरीच्या सुरुवातीलाच हवा. स्विचजवळ लावलेला फ्यूज म्हणजे बाग सोडून घराला कुंपण. वायर २.५ चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन पाच मीटर धरले तर पाच अँपिअरला ०.१८ व्होल्टच पडतात. ०.७५ ची पातळ वायरही चालली असती, पण व्होल्ट तिप्पट पडतात आणि ती फांदीला अडकून तुटते.

जोड पिळून टेप गुंडाळू नका. थिंबल दाबून लावा, वर गरम करून आवळणारी स्लीव्ह. पत्र्याच्या भोकातून जाताना रबरी ग्रोमेट. स्विचचा प्लस चावीच्या मागून घ्या, म्हणजे चावी काढल्यावर घरातलं पोर सीटवर बसलं तरी काही हलणार नाही. सीटखालचा सुरक्षा-स्विच, जो माणूस उठला की इंजिन बंद करतो, तो या निमित्ताने बाद करून टाकायची आयडिया कुणी ना कुणी देईलच. ती ऐकू नका.

बॅटरी पुरेल का, हा प्रश्न मला सगळे विचारतात. एकदा उचलायला पाच अँपिअर, पंधरा सेकंद. साठ वेळा उचललं तर सव्वा अँपिअर-तास. सोडायला त्याहून कमी. २८ च्या बॅटरीला हे काहीच नाही, आणि इंजिन चालू असताना चार्जिंगही होत असतं.

पहिली चाचणी

साखळी न लावता रॉड पूर्ण बाहेर-आत करा. दोन्ही टोकांना मोटर आपली आपण थांबली पाहिजे. मग साखळी लावून, अवजार उचलून, क्लँप मीटरने (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) प्रवाह बघा. मीटर डीसी मोजणारा हवा, स्वस्तातले बरेच फक्त एसी मोजतात. सुरुवातीला आकडा जास्त आणि वर जाताना कमी होत असेल तर कोन बरोबर आहे. वर जाताना चढत असेल तर पुन्हा पुठ्ठ्याकडे.

उचललेल्या अवजाराखाली हात किंवा डोकं घालायचं असेल तर आधी खाली लाकडी ठोकळा. स्क्रू भार धरतो, पण पिन, साखळी, शॅकल यांच्यातलं काहीही कधीही सुटू शकतं.

बागेत

उचलायचं ते गाडी पुढे चालत असतानाच. उभ्या गाडीवर रुतलेले फण उपटायला गेलात तर ४२ किलोवर मातीची पकड वाढते आणि दुप्पट घेतलेली ताकदही कमी पडते. वाफसा असताना ही पकड कमी असते. चिखलात किंवा पार वाळलेल्या जमिनीत तुम्ही मुळात शिरायलाच नको. वळायच्या आणि रिव्हर्स घ्यायच्या आधी फण बाहेर. फण जमिनीत असताना मागे घेतलं की जोडपट्टी वाकते, साखळी असो वा नसो.

अवजार वर असताना पुढची चाकं हलकी होतात. ४२ किलो मागच्या अ‍ॅक्सलच्या ९० सेंटिमीटर मागे आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर १२० असेल तर पुढून साधारण ३१ किलो उचलले जातात. सपाटीवर जाणवत नाही. चढावर स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी सरळच गेली की जाणवतं. मी पुढच्या बंपरवर वाळूची २५ किलोची गोणी बांधली आहे, अजून तीच आहे, नीट वजनपट्टी करायची राहून गेली.

टेम्पोत घालून पुण्याला न्यायचं असेल तर अवजार उचलून एका वेगळ्या ठरीव साखळीच्या हुकाला अडकवा आणि लिफ्टची साखळी सैल सोडा. दिवे घाटातले हादरे स्क्रूने का खावेत?

नंतर

प्रत्येक पाळीनंतर रॉड आत घेऊन ठेवा, फडक्याने पुसून. धुताना प्रेशरचा फवारा अ‍ॅक्च्युएटरवर धरू नका, आयपी ६५ असला तरी सील रबराचंच असतं. पिनींना महिन्यातून एकदा ग्रीस. साखळीच्या कड्या जिथे एकमेकींना घासतात तिथे झीज दिसली की बदला, साखळी ही यातली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे.

पावसाळ्यात गाडी शेडमध्ये दोन महिने उभी राहते तेव्हा फ्यूज काढून डबीत ठेवतो. मागच्या वर्षी उंदरांनी स्विचकडे जाणारी लाल वायर दोन ठिकाणी सोलली होती, तांबं उघडं आणि पत्र्याला टेकलेलं. फ्यूज डबीत होता, त्यामुळे वायरच बदलावी लागली, शेड नाही. आता वायरीवर लोखंडी लवचीक पाइप चढवला आहे. बाबांनी यंदाच्या दोन पाळ्या एकट्यानेच घातल्या, आणि सीटवर बसून स्विच चुकीच्या बाजूला लावल्याची तक्रार केली. ते डावखुरे आहेत, हे मला माहीत असायला हवं होतं.